पंखा फिरतोय, पण हवा जातेय का?

प्रश्न : धरणगावला आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, जवळच जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) आहे. डेस्कटॉप जुना आहे. एप्रिल लागल्यापासून दुपारी तो एकदम स्लो होतो आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो. रिपेअरवाला म्हणतो फॅन गेला, बदला. पण मी कॅबिनेट उघडून बघितलं तर पंखे तर सगळे फिरतात! मग फॅन खराब आहे की नाही हे घरच्या घरी कसं समजायचं? आणि कॅबिनेटसमोर कूलर लावला तर चालेल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, स्वतः उघडून बघितलं हे फार चांगलं केलं. पण नुसता फिरतोय म्हणून पंखा ठीक आहे असं नसतं, काम वाढलं की त्याचा स्पीड वाढतो का आणि त्याची हवा खरंच पार होते का, हे बघावं लागतं. आणि जिनिंग जवळ आहे म्हटल्यावर माझा पहिला संशय पंख्यावर नाहीच, त्याच्या खालच्या हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर आहे.

कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, आणि प्रोसेसरवरचा पंखा बोटाने हलकेच फिरवा. चांगला असेल तर गरका मारून आरामात थांबतो, बेअरिंग गेलं असेल तर खरखरतो किंवा अडकल्यासारखा गपकन थांबतो. मग मोबाइलची टॉर्च लावून पात्यांच्या फटीतून खाली बघा, तिथे हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसायला पाहिजेत. त्याऐवजी राखाडी रंगाचा मऊ थर दिसला तर तो कापसाचा तंतू आणि धूळ मिळून बसलेला नमदाच समजा, वरून पाती स्वच्छ दिसतात, पंखा मस्त फिरतो आणि हवा मात्र पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही. हा थर कोरड्या ब्रशने मोकळा करून ब्लोअरने उडवा, कॅबिनेट दुकानाबाहेर ओट्यावर नेऊन, आणि ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरतो आणि चांगलं बेअरिंग खराब होतं.

आता स्पीड. चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) जा, हार्डवेअर मॉनिटर किंवा पीसी हेल्थ अशा नावाखाली सीपीयू फॅनचा, म्हणजे प्रोसेसरवरच्या पंख्याचा, आरपीएम (मिनिटाला किती फेरे) आणि प्रोसेसरचं तापमान दिसतं. पंखा फिरतोय पण आकडा शून्य दिसला तर घाबरू नका, दोन वायरच्या पंख्याला स्पीड कळवायची वायरच नसते, ती तीन आणि चार वायरच्या पंख्यांना असते. विंडोजमध्ये बघायचं तर एचडब्ल्यूमॉनिटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं भरपूर काम द्या, व्हिडिओ लावा, स्कॅनिंग करा, ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडा. तापमान चढलं की मागोमाग आरपीएम चढायला पाहिजे. तापमान ९० च्या पुढे आणि आरपीएम जागचा हलत नाही, म्हणजे पंखा, त्याचं कनेक्शन किंवा बायोसमधली सेटिंग बिघडलेली असू शकते. आरपीएम चांगला चढला तरी तापमान उतरत नाही, म्हणजे पंखा बिचारा त्याचं काम करतोय, दोष धुळीचा किंवा वाळलेल्या थर्मल पेस्टचा (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावतात तो लेप) आहे, मग नवीन पंखा टाकून काहीच फरक पडणार नाही. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, तिथे पोचला की तो स्वतःच स्लो होतो आणि तरी भागलं नाही तर बंद पडतो, तुमची लक्षणं अगदी तीच वाटतात.

कॅबिनेटच्या पंख्यांना टिश्यू पेपरचा तुकडा दाखवा. पुढच्या जाळीला तो चिकटला पाहिजे, मागच्या जाळीपासून बाहेर उडाला पाहिजे. मागचासुद्धा आत ओढत असेल तर कोणीतरी उलटा बसवलाय, ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. पॉवर सप्लायचा पंखा बायोसमध्ये सहसा दिसत नाही, त्यालाही कागदच लावून बघा, पण तो डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, शॉक बसू शकतो.

आणि आपल्याकडचं ऊन धरूनच आकडे वाचा. पंखा खोलीतलीच हवा फेकतो, दुकानात ४२ अंश असतील तर प्रोसेसर ४२ च्या खाली जाणं शक्यच नाही. म्हणून सकाळी दुकान उघडल्यावर आणि दुपारी दोनला, तेच काम चालू असताना आकडा लिहून ठेवा आणि दोन्हीतून खोलीचं तापमान वजा करा. उरलेला फरक साधारण सारखाच आला तर दुपारी वाढलेला आकडा पंख्यामुळे नाही, दुकानच तापलंय.

कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ओल्या हवेने तोच तंतू चिकट होऊन पट्ट्यांवर घट्ट बसतो. कूलर खोलीसाठी लावा, खिडकी उघडी ठेवा, कॅबिनेट जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा आणि मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. रिपेअरवाल्याला पैसे द्यायच्या आधी त्याला स्क्रीनवर आरपीएम दाखवायला सांगा, आणि जिनिंगचा सीझन संपला की दरवर्षी एकदा हीटसिंक साफ करून घ्या.