मशीनवर गोधडी शिवताना खाली दोऱ्याचं जाळं होतंय?

अगं, मेकॅनिकला फोन करायच्या आधी वरचा दोरा पूर्ण काढ आणि फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलून परत ओव. फूट खाली असलं की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही आणि खाली गुंता होतो. खाली गुंता दिसला की सगळ्या जणी बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या डबीचा, स्क्रू पिळत बसतात; त्या बिचारीचा बहुतेक वेळा काही दोष नसतो.

टाके सुटत असतील तर सुई बदल. जुन्या सुती साड्यांचे चार-पाच थर असतील तर 16 नंबर, आत जाड चादर असेल तर 18. दोरा सुईच्या लांब खाचेच्या बाजूनेच ओवायचा.

आता खरं काम. जुनं सुती कापड फार भुसा सोडतं. बॉबिन केस आणि ती ज्यात बसते ते शटल काढून बघ, तेल पिऊन नमद्यासारखा घट्ट झालेला करडा थर निघेल. कापड सरकवणाऱ्या दातांवरची पट्टी उघडून दातांमधलाही जुन्या टूथब्रशने काढ. फुंकर मारू नकोस, तो आणखी आत जातो. मग शटलच्या कडेला मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल अजिबात नको, थंडीत थिजतं आणि मशीन जड चालतं. नंतर चिंधीवर थोडं चालव, नाहीतर पहिला डाग आईच्या साडीवर!

टाका लांब ठेव, फूटच्या दाबाचा स्क्रू किंचित सैल कर. एवढं करूनही पॅडल जड लागलं तर पट्टा बघ.