स्टाउरहेडची बाग : कोणत्या बाजूने शिरावे आणि काय वगळावे

मे महिन्यात आई-वडील लंडनला येत असून त्यांना एका दिवसात एखाद्या जुन्या इंग्रज कंट्री हाउसची (गावाकडच्या हवेलीची) बाग दाखवायची आहे, आईंना फुलांची आवड आहे, वडिलांचा गुडघा दुखतो, आणि स्टाउरहेडच्या फोटोंत नुसते तळे आणि देवळे दिसत असल्यामुळे एवढ्या लांब जावे की नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जरूर जावे. मात्र फुलांचे ताटवे पाहायचे म्हणून गेलात तर निराशा पदरी पडेल. ही बाग ठरावीक क्रमाने चालत पाहण्यासाठी रचलेली आहे आणि तो क्रम उलटा झाला की तिची निम्मी गंमत जाते.

विल्टशर परगण्यातील ही जागा होर नावाच्या लंडनच्या सावकार घराण्याची. १६७२ साली निघालेली त्यांची पेढी आजही चालू आहे. साउथ सी या व्यापारी कंपनीच्या समभागांवरील १७२० मधील सट्ट्यात भलेभले बुडाले, पण या पेढीने वेळीच समभाग विकून चांगला नफा कमावला. त्याच दशकात हेन्री होर यांनी कॉलन कॅम्पबेल या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार इथे घर बांधले. बाग मात्र त्यांच्या मुलाची, म्हणजे दुसऱ्या हेन्रीची. त्याने १७४० च्या दशकापासून हेन्री फ्लिटक्रॉफ्ट या वास्तुकाराला हाताशी धरून दरीत देवळे उभारली, बांध घालून पाणी अडवले आणि सभोवतालचे उतार झाडीने भरून काढले. क्लोद लोरँ आणि गॅस्पार द्यूगे यांनी रंगवलेली इटलीची निसर्गदृश्ये त्या काळच्या धनिकांच्या घरोघरी टांगलेली असत. १७६२ साली मुलीला लिहिलेल्या पत्रात पूल, गाव आणि चर्च मिळून गॅस्पारचे एक सुरेख चित्रच होईल, असे हेन्रीने म्हटले आहे. तळ्याकाठी काय कुठे आहे याचे कोडे या एका वाक्याने बरेचसे सुटते.

आता क्रमाविषयी. ही बाग घरातून दिसत नाही. होर यांचे पाहुणे घराकडून झाडीतल्या वाटेने उतरत आणि पाण्याचे पहिले दर्शन त्यांना वरूनच, फांद्यांच्या आडून होई. आजचे बरेच प्रवासी खालच्या गावाकडून शिरतात आणि पुलापाशी उभे राहून समोरच्या पँथिऑनचे (रोममधल्या प्राचीन मंदिराच्या धर्तीवर बांधलेल्या घुमटाच्या देवळाचे) जगप्रसिद्ध दृश्य पहिल्या पाच मिनिटांत उरकतात. तसे करू नका. आधी घराकडे जा, तिथून उतरा आणि तळे डाव्या हाताला ठेवून चाला.

काठावरच्या फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेच्या देवळाच्या (१७४४-४६) दारावर रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनिड’ या महाकाव्यातली ओळ कोरलेली आहे : अपवित्रांनो, दूर राहा. काव्यात हे शब्द नायक पाताळात उतरण्याआधी येतात आणि इथेही पुढे खरोखरच एक गुहा लागते. सगळी फेरी त्या प्रवासावर बेतलेली आहे, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींना ते ओढूनताणून लावलेले वाटते. मला पहिली बाजू पटते. ही गुहा १७४८ ची आणि माणसाने रचलेली आहे. खडबडीत दगडांच्या बोगद्यातून आत गेल्यावर घुमटाखाली झोपलेली जलदेवता दिसते. मूर्ती शिशाची असून तिला पांढरा रंग दिला आहे. तिच्याखालून झऱ्याचे पाणी वाहत असते आणि त्या ओल्या, गार अंधारात डोळे सरावले की भिंतीतल्या एका खिडकीवजा भोकातून तळे अगदी पाण्याच्या पातळीवरून दिसते. पुढे नदीदेवाची मूर्ती हात लांबवून बाहेरची वाट दाखवते. इथे घाई करू नये, कारण अंधारातून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर पँथिऑन (१७५३-५४) समोर येते आणि त्याचा खरा परिणाम गुहेनंतरच होतो. आत रिसब्राक या शिल्पकाराचा हर्क्युलिस आहे.

तळ्याभोवतीची फेरी सुमारे दोन-अडीच किलोमीटरची आहे. वडिलांनी गुहेतल्या ओबडधोबड पायऱ्या टाळून बाजूच्या वाटेने जावे आणि अपोलोच्या देवळाची (१७६५) चढण सरळ सोडून द्यावी. ते देऊळ खालूनही छान दिसते.

आईंसाठी मे महिना उत्तम आहे, कारण तेव्हा ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया फुललेल्या असतात. मूळ बागेचा मात्र हा भाग नव्हे. १७८५ साली वारसा मिळालेला नातू रिचर्ड कोल्ट होर याने आजोबांनी बागेत उभारलेला तुर्की पद्धतीचा तंबू काढून टाकला आणि ऱ्होडोडेंड्रॉन लावायला सुरुवात केली. हाच कोल्ट होर स्टोनहेंजच्या परिसरातील प्राचीन थडगी उकरण्यासाठी पैसा पुरवत असे. आजोबांची बाग हिरव्या रंगाच्या छटांचीच होती, आणि ती पाहायची असेल तर गर्दी कमी असलेला जूनही वाईट नाही.

घरासाठी एक तास पुरे. १९०२ च्या आगीत मधला भाग जळाला, तो पुन्हा बांधला आहे. धाकट्या थॉमस चिपेंडेल या नामांकित फर्निचर-कारागिराने केलेले ग्रंथालयातील फर्निचर वाचले. ते आणि पोप पाचवा सिक्स्टस याचे रंगीत दगडांचे जडावकाम असलेले कपाट, एवढे पाहावे. शेवटच्या होर दांपत्याचा एकुलता एक मुलगा १९१७ साली पहिल्या महायुद्धात जखमी होऊन वारला. म्हणून १९४६ मध्ये त्यांनी हे सारे नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू व बागा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकले.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून गिलिंगमपर्यंत सुमारे दोन तास लागतात. तिकीट काढताना डॉर्सेटमधले गिलिंगम निवडा, त्याच नावाचे दुसरे गाव केंटमध्ये आहे. पुढच्या दहा-अकरा किलोमीटरसाठी टॅक्सी जाता-येता दोन्ही वेळची आधीच ठरवून ठेवा. मोटारीने गेल्यास ए-३०३ रस्त्यावर स्टोनहेंज लागते, पण दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

आईंना ताटवेच हवे असतील, तर केंटमधील सिसिंगहर्स्ट जवळ पडेल. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरल्ड निकल्सन या लेखक दांपत्याने १९३० साली एक पडका वाडा घेऊन ती बाग फुलवली. तिथली गुलाबांनी बहरलेली पांढऱ्या फुलांची बाग मात्र जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या सुरुवातीस पाहावी.