जुनं जाळा म्हणणाऱ्या कवीचं जुनं घर

प्रिय मनू,

गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडहून परतल्यावर तू फोनवर विचारलंस, ‘केशवसुतांच्या घरात देव नव्हता, मग आजीने उंबऱ्याला हात लावून नमस्कार का केला? आणि ज्यांनी जुनं जाळून टाका म्हटलं, त्यांचंच जुनं घर लोकांनी का जपलंय?’ याचं उत्तर फोनवर घाईघाईत द्यावंसं वाटेना, म्हणून लिहितोय.

नमस्काराचं सोपं आहे. आपल्याकडे नमस्कार फक्त देवाला नसतो. पुस्तकाला पाय लागला तर आपण हात लावून कपाळाशी नेतो, वाजवायला बसण्याआधी तबलजी तबल्याला नमस्कार करतो. ज्याच्याकडून काही मिळालं, त्याच्यापुढे वाकायचं. आजीला शाळेपासून ‘तुतारी’ तोंडपाठ आहे. ती कविता लिहिणारा ज्या घरात जन्मला, तिथे तिचा हात आपोआप उंबऱ्याकडे गेला.

दुसरा प्रश्न मात्र मला फार आवडला. १८९३ सालच्या ‘तुतारी’त ते खरंच म्हणतात, ‘जुनें जाऊं द्या मरणालागुनि, जाळुनि किंवा पुरुनि टाका’. पण कुठलं जुनं?

त्याच्या पाच वर्षं आधी त्यांनी एक कविता लिहिली होती, ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’. अंत्यज म्हणजे ज्यांना तेव्हा अस्पृश्य मानत ते लोक. सावली पडेल म्हणून हाकललेला एक लहान मुलगा घरी येऊन आईला विचारतो, की असं का? मनू, केशवसुत स्वतः ब्राह्मण घरात जन्मले होते. त्या काळी बाविशीतल्या माणसाने त्या मुलाच्या बाजूने उभं राहणं सोपं नव्हतं. पुढे ‘नवा शिपाई’त त्यांनी सरळ लिहिलं, ‘ब्राह्मण नाही, हिंदुहि नाही, न मी एक पंथाचा’. त्यांना जाळायचं होतं ते हे जुनं, माणसाला माणसापासून दूर ठेवणारं. कौलारू छपराने आणि सारवलेल्या जमिनीने कुणाचं काय वाईट केलंय?

घरावर तर त्यांचा जीव होता. शिक्षकाच्या नोकरीपायी ते गावोगाव फिरले. घाटावर असताना नैर्ऋत्येकडून, म्हणजे आपल्या कोकणाच्या बाजूने, येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून त्यांनी कविता लिहिली आणि त्या वाऱ्याबरोबर त्यांना घर आठवलं. इतक्या लांब बसून मी ती वाचतो तेव्हा मला पुढच्या ओळी नीट दिसत नाहीत.

१९०५ साली हुबळीला प्लेगने ते गेले, चाळिशीही गाठली नव्हती. हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. घराचं स्मारक झालं तेही कोकण मराठी साहित्य परिषदेने पुढाकार घेतल्यावर, आणि १९९४ साली त्याचं उद्घाटन कुसुमाग्रजांनी केलं. एका कवीने दुसऱ्या कवीच्या घरी यावं, हे मला फार योग्य वाटतं.

तिथे ग्रंथालयही आहे. आजोबा पुन्हा गणपतीपुळ्याला निघाले की त्यांच्याबरोबर जा आणि त्या मुलाच्या प्रश्नाची कविता वाचायला माग. भाषा जुनी आहे, अडशील. आजीला विचार, आणि तिलाही सांगता येणार नाहीत ते शब्द मला लिहून पाठव.

तुझा,
बाबा