सरकारी रुग्णालयातलं जीएनएम घ्यावं की खासगी कॉलेजचं बी.एस्सी. नर्सिंग?

प्रश्न असा आहे: 'बारावी सायन्सला ५६ टक्के. बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीत फार मार्क नाहीत. जिल्हा रुग्णालयाच्या जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, नंबर लागेल असं दिसतंय. एका खासगी कॉलेजात बी.एस्सी.ची मॅनेजमेंटची सीटही मिळतेय. घरचे म्हणतात जीएनएमच कर, जीएनएमवाल्यांचा हात चांगला असतो. काय करू?'

सीटचं सांगतेच, पण मला झोंबलं ते शेवटचं वाक्य. 'जीएनएमवाल्यांचा हात चांगला, बी.एस्सी.वाल्या पुस्तकी.' नर्सिंग स्टेशनवर ड्यूटीची ओव्हर देता-घेता हे वाक्य रोज कुणीतरी टाकतंच. बहुतेक वेळा टाकणाऱ्या सीनियर सिस्टर असतात आणि ऐकणारी नुकती रुजू झालेली मुलगी असते.

एके काळी या म्हणण्याला आधार होता, हे कबूल. जीएनएमच्या शाळा बहुतेक मोठ्या रुग्णालयांच्या आवारातच असायच्या. वसतिगृहातून निघालं की वॉर्ड. कोर्स साडेतीन वर्षांचा होता आणि शेवटचे सहा महिने नुसती इंटर्नशिप. विद्यार्थिनी म्हणजे वॉर्डातले जादा हात, त्यामुळे शिकायचं नसलं तरी शिकावं लागायचं. पुढे बी.एस्सी.ची कॉलेजं निघाली ती बरीचशी गावाबाहेर, स्वतंत्र इमारतीत. सकाळी बसनं पोस्टिंगला यायचं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट भरायचा, दुपारी बसनं परत. मग पुस्तकी म्हणणारच लोक.

आता जीएनएम तीन वर्षांचं झालंय, इंटर्नशिप त्यातच. बी.एस्सी.ला २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमापासून सेमिस्टर पद्धत आली आणि आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिपचं आहे. कागदावर तरी हाताचं काम दोन्हीकडे आहे. ते खरंच होतं का, हे रुग्णालयावर ठरतं.

आणि 'हात' म्हणजे काय? कॅन्युला लावणं, कॅथेटर घालणं, रक्त काढणं? भरपूर पेशंट मिळाले तर दोन-तीन महिन्यांत कुणाचाही हात बसतो. खरी परीक्षा वेगळीकडे होते. डॉक्टरांनी 'एनएस ५०० मध्ये केसीएल एक अँप्युल' एवढंच लिहिलंय, म्हणजे ५०० मि.ली. सलाईनमध्ये पोटॅशियम क्लोराइडची एक कुपी. १५ टक्क्यांची १० मि.ली.ची अँप्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम. थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चूक तिथे होत नाही. चूक होते ती लटकत्या बाटलीत औषध सोडून तशीच चालू करण्यात. केसीएल जड असतं, तळाशी, म्हणजे सेटच्या (सलाईनच्या नळीच्या) तोंडाशीच बसतं, आणि पहिल्या काही मिनिटांत पेशंटला बरंचसं पोटॅशियम एकदम मिळतं. म्हणून बाटली खाली काढायची, औषध घालायचं, सात-आठ वेळा उलटी-सुलटी करायची, लेबल लावायचं, मग टांगायची.

मग वेग. हातातल्या शिरेतून साधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर जायचं नाही, म्हणजे ती बाटली दोन तासांच्या आत संपताच कामा नये. चार तासांत द्यायची तर तासाला १२५ मि.ली.; मि.ली.ला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो सेट (मि.ली.ला ६० थेंब) असेल तर १२५. लावण्याआधी लघवी होतेय का ते बघायचं. पेशंट 'हात जळजळतोय' म्हणाला तर 'होतं थोडं' म्हणून पुढे जायचं नाही. वेग कमी करायचा, सलाईन शिरेबाहेर जातंय का ते तपासायचं.

यात हात किती आणि डोकं किती, तुम्हीच ठरवा. आयसीयूत तर आणखी. ५० मि.ली. सिरिंजमध्ये ४ मि.ग्रॅ. नॉरअॅड्रिनॅलिन (रक्तदाब वाढवणारं औषध), ६० किलोचा पेशंट, डोस ०.१ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट. पंपावर आकडा काय टाकणार? तासाला ४.५ मि.ली. हे ज्या मुलीला कागदावर मांडता येत नाही, ती आदल्या ड्यूटीनं लावलेला आकडा तसाच पुढे चालवते, मधे कुणी सिरिंज दुप्पट स्ट्रेंग्थची भरली असली तरी.

हे जीएनएमला शिकवत नाहीत असं माझं म्हणणं नाही. शिकवतात. पण औषधशास्त्र, जीवरसायनशास्त्र, पॅथॉलॉजी हे विषय बी.एस्सी.ला जास्त खोलात येतात, आणि ते 'पुस्तकी' म्हणून हिणवण्यासारखे नाहीत एवढंच.

असो. तुमच्या सीटकडे येते.

मॅनेजमेंटची बी.एस्सी. सीट घेण्याआधी कॉलेज बघू नका, रुग्णालय बघा. कॉलेजची स्किल लॅब चकाचक असते, मॅनिकिनला घडीची चादर असते, त्यावरून काही कळत नाही. नियमानं कॉलेजला किमान १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय लागतं आणि ७५ टक्के तरी खाटा भरलेल्या असाव्या लागतात. तपासणीच्या दिवशी खाटा भरलेल्याच दिसतात. तुम्ही साध्या मंगळवारी-बुधवारी, न सांगता, दुपारी दोनच्या आधी जा, मॉर्निंग आणि इव्हनिंगची ओव्हर चालू असताना. ओपीडीत केसपेपरची रांग आहे का? मेडिसिनच्या वॉर्डात पेशंटच्या उशाशी नातेवाईक, डबे, पाण्याच्या बाटल्या आहेत का? रिकाम्या खाटा पटकन भरता येतात, डबे आणता येत नाहीत. युनिफॉर्ममधल्या मुली पेशंटजवळ आहेत की जिन्यात बसून केसबुक भरतायत?

प्रसूती कक्षाबद्दल नक्की विचारा, तिथेच सगळं उघडं पडतं. महिन्याला किती प्रसूती होतात? हिशेब सोपा आहे. एकेकीनं देखरेखीखाली दहा प्रसूती करायच्या धरल्या तरी ६० च्या बॅचला ६०० लागतात. रुग्णालयात महिन्याला पंधरा होत असतील आणि त्यातल्या निम्म्या सिझेरियन, तर केसबुकं कशी भरली जातात ते समजून जा. मग अशी मुलगी नोंदणीकृत मिडवाइफ म्हणून लेबर रूमला उभी राहते आणि प्लासेंटा (वार) सुटायच्या आत कॉर्ड (नाळ) ओढते. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, 'तू स्वतः किती डिलिव्हऱ्या केल्यास?' प्राचार्यांपेक्षा तिचं उत्तर खरं असतं.

कागदपत्रांत तीन गोष्टी बघायच्या: भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत त्या कॉलेजचा तोच कोर्स आहे का (एका कोर्सची मान्यता दुसऱ्याला चालत नाही), महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता, आणि बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची चालू वर्षाची संलग्नता. फी लेखी घ्या, आणि वसतिगृह, मेस, युनिफॉर्म, परीक्षा, 'क्लिनिकल'च्या नावाखाली वेगळं काय ते सगळं लिहून घ्या. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणणारं किंवा पास झाल्यावर आमच्याकडेच नोकरी करायचा बाँड लिहून मागणारं कॉलेज असेल तर तिथूनच मागे फिरा. बंगळुरूच्या सीटसाठी एजंटचा फोन येईलच. तिथल्या काही कॉलेजांना राज्याची मान्यता असते, पण राष्ट्रीय परिषदेच्या यादीत नाव नसतं, आणि नोंदणी महाराष्ट्रात आणायची वेळ आली की मुली अडकतात.

मॅनेजमेंट सीटचा आणखी एक तोटा कुणी आपणहून सांगत नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून (सरकारच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेतून) झालेला असेल तरच. थेट भरलेल्या सीटला ती मिळत नाही.

नोकरीचं. राज्य सेवेत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून जीएनएम आणि बी.एस्सी. दोघीही लागतात, पगारश्रेणी एकच. हे ऐकून घरचे म्हणतील, मग चार वर्षं कशाला? फरक पुढे पडतो. पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगची शिक्षिका) व्हायचं, एम.एस्सी. करायचं, तर पदवी लागते. सैन्याच्या नर्सिंग सेवेत कमिशन हवं तर पदवीच लागते. एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला) बी.एस्सी. झालेली मुलगी नोंदणी झाली की बसते. जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. हा अनुभव कोर्स पूर्ण झाल्यानंतरचा हवा, इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. बऱ्याच जणी वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये दोन वर्षं घालवतात आणि कागदपत्र तपासणीत बाद होतात. म्हणजे तीन वर्षांचा कोर्स अधिक दोन, पाच वर्षं, बी.एस्सी.ला चार. 'जीएनएम लवकर संपतं' हे तिथे उलटं पडतं.

बाहेरदेशी जायचं डोक्यात असेल तर देश आधी ठरवा. इंग्लंडला दोन्ही चालतात, संगणक परीक्षा आणि ओएससीई (प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षा) दोघींना सारखीच. जर्मनीलाही दोन्ही जातात. तिथे अडतं ते भाषेवर, बी२ पर्यंत जर्मन यायलाच हवं. सौदीत डिप्लोमावालीचं वर्गीकरण टेक्निशियन म्हणून होतं, पगार त्याप्रमाणे. कॅनडा, ऑस्ट्रेलियाला पदवीची पातळी बघतात.

जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, त्यामुळे दार बंद होत नाही. मात्र एकूण पाच वर्षं होतात, जागा कमी असतात, आणि हातात पगार यायला लागल्यावर तो सोडून परत वर्गात बसणं सोपं नसतं. 'नंतर करू' म्हणणाऱ्या सगळ्या करत नाहीत. करायचं तर नोंदणी झाल्या झाल्या अर्ज करा. एम.एस्सी.साठी लागणारा एक वर्षाचा अनुभव पोस्ट बेसिकवालीला आधीचाही चालतो, एवढा एक फायदा त्या वाटेला आहे.

तर तुमचं उत्तर: आधी केंद्रीय फेऱ्या शेवटपर्यंत खेळा. कॉलेजांचे पसंतीक्रम भरताना गावाजवळचं कॉलेज वर टाकायचा मोह आवरा, रुग्णालय मोठं ते वर. शेवटच्या फेऱ्यांत बऱ्याच जागा सरकतात. फेरीतून बी.एस्सी. मिळालं आणि रुग्णालय खरं असेल, तर डोळे मिटून तेच घ्या. नाही मिळालं, तर जिल्हा रुग्णालयाचं जीएनएम घ्या, मॅनेजमेंटची सीट सोडा. पेशंट नसलेल्या रुग्णालयात पैसे भरून काढलेल्या चार वर्षांपेक्षा गच्च भरलेल्या सरकारी वॉर्डातली तीन वर्षं केव्हाही बरी. मात्र जीएनएमचा प्रवेश घेऊन बी.एस्सी.ची वाट बघत असाल, तर मूळ कागद आणि फी परत मिळण्याची शेवटची तारीख आधी विचारून ठेवा.

हे सगळं जिल्हा रुग्णालयात पेशंट भरलेले असतात म्हणून सांगतेय. सगळीच जिल्हा रुग्णालयं चांगली शिकवतात असं नाही, काही ठिकाणी विद्यार्थिनींना नुसतं चादरी बदलायला आणि रिपोर्ट आणायला पळवतात. तिथेही जाऊन बघा. खासगीतही काही ट्रस्टची रुग्णालयं मोठी, जुनी आणि शिकवायला उत्तम आहेत. तुमचं कॉलेज त्यातलं असेल आणि फी झेपत असेल, तर वरचं माझं म्हणणं उलटं वाचा.

घरच्यांचा सल्ला तुमच्या बाबतीत बरोबर ठरतोय, कारण मात्र चुकीचं आहे. त्यामुळे जीएनएमला गेलात तरी पहिल्या वर्षी डोसच्या हिशेबाची वही घाला, आणि रोज पोस्टिंगहून आल्यावर त्या दिवशी दिलेल्या एका औषधाची ताकद, पातळ करण्याचं प्रमाण आणि वेग त्यात मांडा. सीनियर सिस्टर 'एवढं लिहून काय करणार?' म्हणतीलच. त्यांच्या पंपावरचा आकडा एकदा त्या वहीतून पडताळून बघा.