चौकोन कोणाच्या बापाचा?

प्रश्न : वकीलसाहेब, माझं सीताबर्डीला मोदी नंबर तीनमधे मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. संध्याकाळी चार टाळकी जमतातच, परवा त्यातला एक म्हणे ॲपलनं गोल कोपऱ्यांचं पेटंट घेतलं अन् सॅमसंगकडून हजार कोटी काढले. मी म्हटलं गोल कोपरे तर माझ्या शाळेतल्या पाटीलेही होते बे. तर्री पोह्यांची पैज लागून राहिली आहे. खरं काय?
— एक दुकानदार, सीताबर्डी

उत्तर : भाऊ, पोहे दोघांनी अर्धे अर्धे खा, कारण दोघंही अर्धेच बरोबर आहात.

केस एप्रिल २०११ मधे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या कोर्टात लागली, जज लूसी को. अमेरिकेत शोधाचं पेटंट वेगळं आणि दिसण्याचं, म्हंजे डिझाइन पेटंट, वेगळं. डिझाइन पेटंटमधे लिहिलेलं जवळजवळ काहीच नसतं, सगळा खेळ चित्रांचा, आणि त्यात जी रेष पूर्ण काढली ती आपली, जी तुटक काढली ती फक्त वस्तू कळावी म्हणून, तिच्यावर हक्क नाही. फोनच्या भांडणात ॲपलची अशी तीन होती. एक समोरच्या काळ्या सपाट काचेचं, एक समोरचा भाग आणि भोवतीच्या कडेचं, आणि तिसरं स्क्रीनवर रंगीत आयकॉन ओळीत मांडलेत त्या मांडणीचं. म्हणून नुसत्या गोल कोपऱ्यावर कोणाचीच मालकी नाही, हे सगळं मिळून जो चेहरा होतो त्यावर आहे. (सॅमसंगचं म्हणणं होतं की हा चेहरा तसाही येतच होता, एलजीचा प्राडा फोन डिसेंबर २००६ मधेच जाहीर झाला होता, आयफोन जानेवारी २००७ चा. युक्तिवाद वाईट नव्हता, ज्युरीला पटला नाही एवढंच.)

मग नक्कल ठरवायची कशी? ही कसोटी १८७१ ची आहे, चमच्या-काट्यांच्या दांड्यांवरच्या नक्षीच्या केसमधली. नेहमीचं गिऱ्हाईक, घेताना जेवढं लक्ष देतं तेवढंच लक्ष देऊन, एक समजून दुसरं घेऊन जाईल का? एक्स्पर्टचा डोळा नाही, गिऱ्हाइकाचा. याच केसमधे टॅबलेटच्या डिझाइनचंही भांडण होतं. ऑक्टोबर २०११ मधे जज लूसी को यांनी भर कोर्टात दोन टॅबलेट, एक ॲपलचा अन् एक सॅमसंगचा, हातात धरले आणि सॅमसंगच्या वकीलबाईंना विचारलं, सांगा यात तुमचा कोणता, त्या आठ-दहा फुटांवर उभ्या होत्या आणि म्हणाल्या एवढ्या लांबून नाही सांगता येत. मी वकील असून सांगतो, त्या क्षणी मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेलो असतो. आता गंमत बघा, टॅबलेटच्या डिझाइनवर पुढे ज्युरीनं सॅमसंगला सोडलंच. आणि इंग्लंडमधे जुलै २०१२ ला जज बिर्स यांनी ठरवलं की सॅमसंगचे टॅबलेट ॲपलइतके ‘कूल’ नाहीत म्हणून नक्कल नाही. केस जिंकली पण शिव्या खाऊन जिंकली.

आता पैसे, कारण तुमच्या मित्राचा आकडा तिथंच घसरला. ऑगस्ट २०१२ ला ज्युरीनं सांगितलं सुमारे १०५ कोटी, पण डॉलर, रुपयांत तेव्हाच्या भावानं पाच हजार कोटींच्या वर. त्यातले बरेच जजनंच २०१३ मधे काढून परत हिशेब करायला लावला, मग २०१५ मधे वरच्या कोर्टानं ‘ट्रेड ड्रेस’चा, म्हंजे फोनचा एकूण वेष हीच आमची ओळख या दाव्याचा, भाग उडवला. कारण ऐका, गोल कोपऱ्यांनी फोन खिशात नीट जातो आणि टिकतोही जास्त, म्हंजे तो कामाचा भाग झाला, कामाचा भाग असा कायमचा एकट्याला देता येत नाही. तुमच्या पाटीचा मुद्दा इथं चालला! पण डिझाइन पेटंटं मात्र तशीच टिकली, कारण तिथं एक एक कोपरा सुटा काढून बघत नाहीत, सगळा चेहरा बघतात.

फोनच्या त्या तिन्ही डिझाइन पेटंटांचे ३९.९ कोटी डॉलर हेच खरं भांडण. अमेरिकेचा कायदा म्हणतो की डिझाइन चोरलं तर त्या वस्तूवरचा सगळा नफा द्या. हा नियम आला १८८७ मधे, गालिच्यांमुळे. त्याआधी गालिच्याची नक्षी चोरल्याच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं भरपाई दिली ती ६ सेंट, नक्षीमुळे नेमका किती नफा झाला ते दाखवता आलं नाही म्हणून. गालिचा लोक नक्षी बघूनच घेतात तर तिथं सगळा नफा ठीक वाटतो, पण फोन काय नुसत्या तोंडासाठी घेतो कोणी? बॅटरी, कॅमेरा, रेंज गेली कुठं? डिसेंबर २०१६ मधे सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की ‘वस्तू’ म्हंजे अख्खा फोनच असं नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो. निकालात उदाहरणं स्वयंपाकघरातली, जेवणाच्या ताटाला भागच नाहीत तर ताट हीच वस्तू, ओव्हनला भाग असतात तर तिथं विचार करावा लागेल. पण फोनमधे वस्तू कोणती ते स्वतः न ठरवता खाली पाठवून दिलं, हे मला तरी हात झटकणं वाटतं. मे २०१८ मधे नवीन ज्युरी बसली, तिनं डिझाइनचे ३९.९ चे उलटे ५३.३ कोटी केले, आणि पुढच्याच महिन्यात दोघांनी तडजोड करून टाकली, किती घेतले-दिले ते सांगितलं नाही.

प्रश्न : साहेब, आमचं हिंगणा रोडला कूलरचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या उन्हाळ्यात मी समोरची जाळी नवीन काढली, उभ्या लहरी लहरीची, खूप चालली. यंदा शेजारचा तस्संच्या तस्सं बनवून दोनशे रुपये कमी लावून राहिला. मला डिझाइन पेटंट मिळेल का?
— एक कूलरवाले काका

उत्तर : काका, आपल्याकडे डिझाइन पेटंट हा शब्दच नाही, डिझाइन रजिस्ट्रेशन आहे, २००० चा डिझाइन ॲक्ट, ऑफिस कोलकात्याला, अर्ज ऑनलाइन होतो. हक्क १० वर्षं, मग वाढवून आणखी ५. फक्त दिसण्याला मिळतो, तुमचा पंप, गवताची ताटी, पाणी पडायची पन्हाळी हे सगळं कामाचं, त्यावर नाही. लहरींची जाळी मात्र बसली असती.

बसली असती म्हणतो कारण अर्जाच्या आधी माल बाजारात गेला तर डिझाइन नवीन राहत नाही, आणि तुम्ही तर अख्खा एक उन्हाळा विकला. स्वतःच्याच विक्रीनं हक्क गेला, शेजाऱ्याला शिव्या द्या पण नोटीस नका पाठवू, वकिलाची फी फुकट जाईल (माझीसुद्धा). पुढच्या सीझनची जाळी डोक्यात असेल तर ती कोणाला दाखवायच्या आत, चारही बाजूंचे साफ फोटो किंवा चित्रं काढून अर्ज टाका, मग मार्चमधे बिनधास्त दुकानात लावा. नक्कल झाली तर एका डिझाइनमागे ठरावीक रक्कम जास्तीत जास्त ५०,००० रुपये, नाहीतर नुकसानभरपाई आणि मनाई हुकुमाचा दावा, यातलं एक निवडायचं. आपल्या सिव्हिल लाईन्सला बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं ट्रेनिंग चालतात, मुलाला एकदा पाठवा.

प्रश्न : मोबाइल कव्हरवर सफरचंदाचा लोगो छापून विकला तर हेच लागू का? सगळेच विकतात.
— नाव नको

उत्तर : नाही, ते ट्रेडमार्क, आणि तिथं नुसता दिवाणी दावा नाही तर किमान सहा महिने जेलची तरतूद आहे. नाव का नको ते कळलं. लोगो काढा, साधं काळं कव्हर विका.