दळणाचा डबा आणि रविवारचा क्लास

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. मी पिंपरीजवळ राहते, नोकरी करते. जूनपासून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तरुण संघाचा रविवारचा बायबल क्लास माझ्याकडे दिलाय, चौदा ते अठरा वयाची अकरा मुलं आहेत. माझा शनिवार म्हणजे दळण, भाजी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, धाकटीच्या प्रोजेक्टचे कागद, गॅसवाल्याची वाट बघणं, आणि रात्री अकराला बायबल उघडलं की डोळेच मिटतात. मग क्लासमध्ये मी वाचून दाखवते आणि मुलं मोबाइल बघतात. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, तू अगदी मार्था आहेस. फार लागलं मनाला. क्लास सोडू का?

उत्तर : सोडू नका. आधी त्या मार्थाचं बोलते, कारण तुमचं पत्र वाचून मलाच वाईट वाटलं. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, बहीण मरीया येशूजवळ ऐकत बसते आणि मार्था पाहुणचाराच्या धांदलीत असते, ती मार्था सगळ्यांना पाठ असते, पण योहानाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, हीच मार्था, भाऊ गेल्याच्या दुःखात, घरातून उठून प्रभूला सामोरी जाते आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस असं स्पष्ट बोलते. त्याच अध्यायात येशूचं तिच्यावर प्रेम होतं असंही लिहिलंय. त्या बाईंना काही उत्तर देऊ नका, पण स्वतः हे एकदा निवांत वाचा.

आता क्लासचं. माझ्यावर एकदा अशी वेळ आली होती की गिरणीत लाइट गेली म्हणून दळण शनिवारी मिळालंच नाही, रविवारी सकाळी डबा घेऊन मी तशीच रिक्षाने चर्चला गेले, पदराला पीठ लागलेलं आणि तयारी शून्य. डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, पीठ अजून कोमट होतं. मुलांना म्हटलं, हात लावून बघा. मग खमिराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली छोटी गोष्ट, काढला, लूकचा तेरावा अध्याय : एक बाई तीन मापं पिठात खमीर घालते आणि सगळं पीठ फुगून येतं. खमीर म्हणजे काय ते कुणालाच नीट सांगता येईना, तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, विरजणासारखं का, आई चमचाभर दही ठेवते तसं? अगदी तसंच की! त्या काळी आधीच्या कणकेतला आंबलेला गोळा ठेवून तो नव्या पिठात मळायचे, आणि दाखल्यातली तीन मापं पीठ म्हणजे घरापुरतं नाही, शंभरेक माणसं जेवतील एवढं. पाऊण तास मुलं बोलत होती, मोबाइल कुणी काढलाच नाही.

त्या दिवसापासून मी वेगळी तयारी करायचं सोडलं. सोमवारी उतारा वाचायचा, दहा-बारा ओव्या, आणि आठवडाभर मेडिकलच्या लाइनीत, भाजी निवडताना तो डोक्यात घोळवायचा. प्रभूचे दाखले बघा ना, हरवलेलं नाणं शोधायला घर झाडणारी बाई, जुन्या कपड्याला नव्या कापडाचं ठिगळ, मापाखाली झाकलेला दिवा. ही सगळी आपल्या घरातली कामं आहेत, तुमच्या शनिवारचीच.

मोठ्या मुलांसाठी मत्तयचा विसावा अध्याय घ्या, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. सकाळी मजूर अड्ड्यावर उभी राहणारी माणसं त्यांनी पाहिलेली असतात, काहींचे आजोबा स्वतः तिथे उभे राहिलेले असतील. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एवढंच सांगा आणि विचारा, सकाळपासून राबलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही तेवढाच, हे बरोबर आहे का? मुलं भांडतील, भांडू द्या. आमच्याकडे एक मुलगी शेवटी हळूच म्हणाली, पाचपर्यंत काम न मिळालेला माणूस घरी काय घेऊन जाणार होता? मी पुढे काही बोलले नाही, प्रार्थना घेतली.

अजून एक, भाषा. चौदा वर्षांच्या मुलांना ग्रंथातली मराठी जड जाते. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं ते थोडं शिकलेल्या बायाबापड्यांनाही कळावं म्हणून, ते 1924 मध्ये, त्यांच्या मागे, छापून झालं. हे मुलांना सांगा आणि त्यांनाच म्हणा, ही ओवी तुमच्या आजीला सांगाल तशी सांगा.

महिन्यातून एक रविवार क्लासऐवजी काम ठेवा. मंडळीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची औषधं, दळण, बँकेचं पासबुक भरून आणणं, आईवडिलांना विचारून दोघादोघांनी जायचं. बँक रविवारी बंद म्हणून ते काम आधीच उरकायचं हेही मुलं आपोआप शिकतात.

आणि घरात मात्र स्पष्ट बोला. तुमच्या पत्रात यजमानांचा उल्लेखच नाही. क्लास मंडळीचा आहे, मग दळण आणि गॅस एका माणसाचं का? येत्या शनिवारी डबा त्यांच्या हातात द्या, तुम्ही तास-दीड तास झोपा, मग लूक तेरा काढा. मुलं काय म्हणाली ते मला नक्की कळवा.