यूट्यूबवर टाकलेल्या घरच्या गणपतीच्या व्हिडिओला मागे आरतीचं गाणं लावलं तर कॉपीराइट क्लेम आला. आरती तर शेकडो वर्षं जुनी आहे ना? मग कायदेशीर संगीत मिळवायचं कुठून?

समर्थ रामदासांच्या शब्दांवर आज कुणाचाही मालकी हक्क नाही. क्लेम आला तो तुम्ही लावलेल्या रेकॉर्डिंगमुळे. गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. आपल्याकडे कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. म्हणजे आरती जुनी असली, तरी अल्बम बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या मालकीचा असतो.

‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ किंवा ‘वर्णनात नाव दिलं की झालं’ असं सर्रास सांगतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सूट कुठेही नाही.

घाबरू नका, क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलला मिळणारी ताकीद, नव्हे. व्हिडिओ काढून टाकायचीही गरज नाही. यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये जाऊन तेवढं गाणं काढता किंवा बदलता येतं. व्ह्यूज आणि कमेंट तशाच राहतात.

माझं स्पष्ट मत विचाराल तर घरगुती गणपतीच्या व्हिडिओला अल्बमची गरजच नाही. टाळ, झांजा, मधेच सूर चढवणारे काका, शब्द विसरून नुसती टाळी वाजवणारी पोरं हाच त्या व्हिडिओचा जीव आहे. फोन समईजवळच्या पाटावर आडवा ठेवा, पंखा बंद करा आणि आरती सलग रेकॉर्ड करा. पारंपरिक चालीत घरच्यांनी म्हटलेली आरती तुमचीच. शेजारचं कुणी पेटी वाजवून देत असेल, तर ‘हे व्हिडिओत वापरायला माझी हरकत नाही’ एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

बाकी व्हिडिओंसाठी मी आधी स्टुडिओतलीच ऑडिओ लायब्ररी उघडतो. तिथे ‘श्रेय आवश्यक नाही’ असा फिल्टर लावता येतो. गाण्यापुढे सीसीची (क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे अटींवर वापरायची खुली परवानगी) खूण असेल तर तिच्यावर क्लिक करा, श्रेयाचा तयार मजकूर मिळतो. तो जसाच्या तसा वर्णनात चिकटवायचा. संगीतकार केविन मॅक्लाउड यांच्या इनकॉम्पिटेक या साइटवरचं संगीतही असंच श्रेय देऊन फुकट वापरता येतं. फ्री म्युझिक आर्काइव्ह या साइटवर मात्र प्रत्येक गाण्याचा परवाना वेगळा, तो वाचूनच उचला. परवान्यात ‘एनसी’ (व्यावसायिक वापराला मनाई) असेल तर कमाईच्या व्हिडिओला चालत नाही. ‘एनडी’ (बदल करायला मनाई) असेल तर ते गाणं सोडाच, कारण चित्राला संगीत जोडणं हाही त्या परवान्यात बदलच धरला जातो.

‘नो कॉपीराइट’ असं नाव लावून गाणी चढवणाऱ्या चॅनेलवर भरवसा ठेवू नका. चढवणारा स्वतः मालक नसेल तर त्याच्या परवानगीला किंमत नाही. इन्स्टाग्रामवर रीलला लावलेलं गाणंही तिथल्यापुरतंच असतं. तोच रील उतरवून यूट्यूबवर टाकला की परवाना लागू होत नाही.

आणि गाणं डाउनलोड कराल त्याच दिवशी परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून व्हिडिओच्या फोल्डरमध्ये ठेवा. उद्या क्लेम आला तर हरकत नोंदवताना तोच उपयोगी पडतो.